सरुसजाईच्या वेटिंग रूममधले तीन तास

परवा भाची विचारत होती, मावशी तू त्या गुवाहाटीच्या गेम्समध्ये नक्की काय करत होतीस गं, तुझा तो निळा ट्रॅकसूट अजून कपाटात आहे म्हणून विचारते. मी म्हटलं डोपिंगला होते. तिला वाटलं मी कोणाला तरी पकडत होते. तेव्हा ठरवलं की एकदा सगळं बैजवार लिहूनच टाकावं, कारण हे काम, म्हणजे खेळाडूंनी बंदी असलेली औषधं घेतली नाहीत ना ते तपासण्याचं, नेमकं कसं असतं ते खेळाच्या जवळच्या लोकांनाही फारसं माहीत नसतं आणि मला त्या बारा दिवसांनी खूप काही दिलंय.

तर २०१६ चा फेब्रुवारी. साउथ एशियन गेम्स, बारावे. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव आणि अफगाणिस्तान असे आठ देश, ५ ते १६ फेब्रुवारी, गुवाहाटी आणि शिलाँग मिळून. खरं तर हे गेम्स २०१२ लाच दिल्लीत व्हायचे होते, पण मध्ये आपल्या ऑलिम्पिक असोसिएशनवर बंदी आली आणि पुढे ढकलत ढकलत ते आसामात आले. माझं नशीब म्हणायचं. कारण माझा नवरा रेल्वेत, त्याची बदली गुवाहाटीतल्या मालीगावला झालेली, आणि मी लग्नानंतर वर्षभर क्वार्टरमध्ये नुसती बसून होते. बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) केलेली मुलगी, फलटणची, शाळेत असल्यापासून खो-खो खेळलेली, आणि इथे सकाळी पाणी भरायचं, डबा करायचा आणि संध्याकाळी ब्रह्मपुत्रेकडे बघत बसायचं एवढंच. भाषा येत नव्हती. शेजारच्या बाइदेउ (तिकडे ताईला बाइदेउ म्हणतात) फार मायेनं वागायच्या, लाल चहा आणि तिळाचा पिठा आणून द्यायच्या, पण मैदान सुटलं होतं ना, ते सलत होतं.

आणि पेपरात वाचलं की या गेम्समध्ये पहिल्यांदा खो-खो घेणार आहेत. पहिल्यांदा! मी तो पेपर नवऱ्याला ऑफिसातून आल्या आल्या दाखवला. तो म्हणाला, अगं मग बघायला जाऊ की. मी म्हटलं बघायला नाही, मला आत जायचंय.

फॉर्म भरला. बीपीएडचं सर्टिफिकेट, जिल्हा पातळीवर खेळल्याचं सर्टिफिकेट, दोन फोटो, ओळखपत्र. कोणत्या खेळाला काम करायला आवडेल त्यात तीनही रकान्यांत खो-खोच लिहिलं. मग मुलाखत झाली, साधीच, कुठल्या कुठल्या भाषा येतात, रात्री उशीर झाला तर घरी जायची सोय आहे का, वगैरे. मी सांगितलं मराठी, हिंदी, इंग्लिश बऱ्यापैकी, असमिया थोडी थोडी. मग समोरच्या बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, तुम्हाला संकोच वाटतो का? कसला म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या, आम्हाला डोपिंग कंट्रोलसाठी बायका हव्यात, कमी पडताहेत, मुली नको म्हणतात.

मी लगेच हो म्हटलं नाही. खो-खो मिळणार नाही हे कळलं तेव्हा घशात आवंढाच आला. पण त्यांनी समजावून सांगितलं की खेळाडू मुलगी असेल तर लघवीचा नमुना देताना समोर बाईच लागते, तसा नियमच आहे, आणि बायका नसतील तर मुलींना तासनतास ताटकळत बसावं लागतं. त्या एका वाक्यावर मी हो म्हटलं. फलटणच्या मैदानावर कपडे बदलायला खोली नसायची तेव्हा आम्ही एकमेकींभोवती चादर धरून उभ्या राहायचो, ते आठवलं.

आईला फोन केला तर ती म्हणे, म्हणजे दुसऱ्याच्या पोरीची लघवी गोळा करायला तू उन्हातान्हात जाणार? मी म्हटलं आई, गोळा मी नाही करत, ती स्वतःच करते, मी फक्त बघते की तिचीच आहे. आई गप्प झाली आणि म्हणाली, बरं, पोरींशी नीट वाग.

ट्रेनिंग मात्र कडक होतं. आमचं पद म्हणजे शॅपरोन, आणि आमच्या वरचे ते डीसीओ, म्हणजे डोपिंग कंट्रोल ऑफिसर. आमच्या मॅडम बारीकशा, आवाज हळू, पण एक शब्द इकडचा तिकडे चालायचा नाही. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं की तुम्ही पोलीस नाही आणि फॅनही नाही. खेळाडूला तुम्ही सांगितलंत की तुझी निवड झालीय, त्या क्षणापासून तो दारात येऊन आत बसेपर्यंत तुमची नजर त्याच्यावरून हलता कामा नये. त्याला आंघोळ करू द्यायची नाही, कारण त्यात लघवी होऊन जाते. पाणी द्यायचं ते सीलबंद, आणि बाटली तुम्ही हातात द्यायची नाही, पाच-सहा ठेवायच्या आणि त्यानं स्वतः उचलायची. त्याला बक्षीस समारंभाला जायचं असेल, पत्रकारांशी बोलायचं असेल, अजून एक शर्यत असेल, दुखापतीवर उपचार हवे असतील, तर जाऊ द्यायचं, पण आपण बरोबर. आणि सोबत आपला माणूस आणायचा त्याचा हक्क आहे, कोच म्हणा मॅनेजर म्हणा, दुभाषा लागला तर तोही, हे सगळं त्याला समजेल अशा भाषेत सांगायचं, मगच सही आणि वेळ. फोटो नाही, सही नाही, भेटवस्तू घ्यायची नाही. आणि कोणाची तपासणी झाली, कधी, किती वेळ, हे बाहेर कोणाला सांगायचं नाही, घरीसुद्धा नाही. म्हणून मी पुढे जे लिहिणार आहे त्यात नाव नाही, देश नाही, शर्यत कुठली तेही नाही. एवढी वर्षं पाळलंय, आताही पाळणार.

आमचं स्टेशन, म्हणजे तपासणीची जागा, गुवाहाटीतल्या सरुसजाईला, इंदिरा गांधी अ‍ॅथलेटिक स्टेडियममध्ये. तिथंच उद्घाटन झालं ५ तारखेला, पंतप्रधान आले होते, आणि गेम्सचं ते गेंड्याचं पिल्लू, तिखोर, त्याच्याबरोबर फोटो काढायला पोरांची ही झुंबड. बाजूलाच झाकीर हुसेन यांच्या नावाचा जलतरण तलाव. पहिले काही दिवस मी तलावावरच होते. श्रीलंकेचा मॅथ्यू अभयसिंघे तेव्हा एकामागून एक सुवर्ण घेत होता, सात झाली त्याची शेवटी, आणि आम्हा व्हॉलंटियर लोकांना त्याच्या शर्यती दारातून तिरप्या मानेनं बघायला मिळायच्या, कारण आपला खेळाडू पाण्यातून कधी वर येतो त्याच्यावर डोळा ठेवायचा असायचा.

तिथंच मी एक चूक केली. एक पोहणारी मुलगी, तिला निरोप दिला, सही झाली, आणि आम्ही दोघी चालत असताना पलीकडून एकदम आरडाओरडा झाला म्हणून मी बोर्डाकडे बघितलं. किती बघितलं असेल, तीन सेकंद, चार सेकंद. मान वळवली तर मुलगी नाही. टॉवेल घेतलेल्या तीस मुली आणि सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या. माझ्या हातापायातलं बळच गेलं. ती तिच्या कोचपाशी उभी होती, दहा पावलांवर, मिनिटभरात सापडली, पण मला ते मॅडमना सांगावं लागलं आणि त्यांनी फॉर्मवर लिहिलं. ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, उद्या त्या मुलीवर कोणी काही आरोप केला तर तुझी नजर हीच तिची साक्ष आहे, ती साक्ष तू मिनिटभर काढून घेतलीस. मला वाटायचं आपण नजर ठेवतो ती संशयापोटी. त्या दिवसापासून डोक्यातलं ते साफ बदललं.

लहान मुलींचं वेगळं. अठराच्या आतली असेल तर तिच्या बरोबर मोठं माणूस लागतंच, आणि आत नमुना देताना जी बाई बघत असते तिच्यावरही तिच्या बाजूची एक बाई लक्ष ठेवते, मुलीकडे नाही बघत, आमच्याकडे बघते. म्हणजे बघणारीवर बघणारी. हा नियम मला फार आवडला.

आता मुख्य गोष्टीवर येते.

अ‍ॅथलेटिक्स सुरू झालं. फेब्रुवारीत गुवाहाटीत सव्वापाचला सूर्य जातो, साडेपाचला अंधारच, आणि मग धुकं आणि धूळ मिळून दिव्यांभोवती एक पिवळट गोळा तयार होतो, श्वास घेतला की नाकात माती. त्या दिवशी माझ्या पॅडवर नाव नव्हतं, नंबर होता. पहिले तीन तर असतातच बहुतेक, त्याशिवाय चिठ्ठी टाकून एखादा नंबर काढतात, चौथा, सहावा, असा कुठलाही. माझ्या वाट्याला त्या चिठ्ठीतला नंबर आला होता, आणि तो पदकाच्या बाहेरचा होता.

शर्यत संपली. जिंकलेल्या मुली झेंडे घेऊन पळत होत्या, फोटोवाले त्यांच्या मागं. आणि ही एकटी, लाइनच्या पुढे दहा-बारा पावलांवर, गुडघ्यावर हात ठेवून वाकलेली. मी जवळ गेले तर रडत होती. आवाज न करता, नाकातून टपटप. मला काय बोलावं कळेना. पदक हुकलं त्याला दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती आणि मला तिला सांगायचं होतं की चल, तुझी डोप टेस्ट आहे. मी माझं कार्ड दाखवलं, नियमाप्रमाणे वाक्य म्हटलं, इंग्लिशमध्ये. तिनं मान वर केली आणि हिंदीत म्हणाली, "दीदी, मैं तो हार गई, मेरा क्यूँ?"

तिची हिंदी सिनेमातली होती. आमच्या या सगळ्या शेजारी देशांत हिंदी सिनेमा कुठे पोचला नाही ते सांगा, त्यामुळे यावरून ती कुठली ते कोणाला ओळखता येणार नाही. मी तिला हिंदीतच सांगितलं की हरल्या-जिंकल्याचा संबंध नाही, चिठ्ठीत नंबर निघाला, तू कुठेही आली असतीस आणि तो नंबर असता तरी आलेच असते. तिनं सही केली. पेन धरवत नव्हतं, बोटं थरथरत होती. वेळ लिहिली, सहा वाजून चार मिनिटं.

तिच्या बरोबर यायला मॅनेजर बाई आल्या, त्यांच्या टीमच्या. त्यांना दुसऱ्याही मुली सांभाळायच्या होत्या, फोन सारखा वाजत होता. तिघी आत आलो. वेटिंग रूम म्हणजे काय, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक फ्रीज, भिंतीवर टीव्ही, दाराशी रजिस्टर, कोण आलं कोण गेलं त्याची नोंद. पलीकडे कागदपत्रांची खोली आणि तिला लागून टॉयलेट, मोठं, भिंतीला आरसा लावलेलं.

ती पाणी प्यायली. अर्धा लिटर. मग अजून अर्धा. मॅडमनी हळूच सांगितलं, बेटा फार पिऊ नकोस, पातळ झालं तर परत द्यावं लागेल. आणि ते खरंच तसं असतं, नमुना किती दाट आहे ते तिथंच एका दुर्बिणीसारख्या छोट्या यंत्रात थेंब टाकून बघतात, तेव्हा १.००५ च्या खाली आलं तर चालत नसे, पुन्हा बसा. आणि मोजमापाला लागतं ९० मिली. ऐकायला काहीच नाही, चहाचा एक कप. पण जी मुलगी अंगातलं सगळं पाणी घामानं घालवून आलीय तिला तो कप म्हणजे डोंगर.

सात वाजले. जिंकलेल्या दोघी आल्या आणि उरकून गेल्या. साडेसात झाले. ही एकदा आत जाऊन आली, मी बरोबर, काही नाही. बाहेर आली आणि खुर्चीत पाय वर घेऊन बसली.

टॉयलेटमध्ये काय होतं ते सांगते, कारण ते कोणी सांगत नाही आणि खेळणाऱ्या मुलींना आधी माहीत असायला हवं. हात धुवायचे, नुसत्या पाण्यानं, साबण नाही. तीन-चार सीलबंद भांड्यांतलं एक स्वतः निवडायचं. टी-शर्ट छातीपर्यंत वर, बाह्या कोपरापर्यंत वर, खालचे कपडे गुडघ्याखाली, आणि समोर एक अनोळखी बाई उभी. का, तर कोणी दुसऱ्याची लघवी पिशवीत लपवून आणू नये म्हणून. पाळी चालू असेल तरी नमुना द्यावाच लागतो. पहिल्यांदा ज्या मुलीला हे कोणी सांगितलेलंच नसतं तिचा चेहरा बघवत नाही. या मुलीला सांगितलेलं होतं, पण तिनं आधी कधी दिलेला नव्हता. ती भिंतीकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, दीदी, आप मत देखो ना. मी म्हटलं, बघावं लागतं गं, पण मी तुझ्या तोंडाकडे नाही बघणार, मी फक्त त्या भांड्याकडे बघणार, तू समज मी नाहीच. तरी झालं नाही. शरीर असं हुकमावर चालत नाही ना.

आठ वाजले. मॅनेजर बाई खुर्चीत बसल्या बसल्या पेंगायला लागल्या, त्या पहाटे चारपासून उठलेल्या होत्या म्हणे. टीव्हीवर गेम्सच्या क्षणचित्रांत बांगलादेशची माबिया अख्तर सीमांत दाखवत होते. ती वेटलिफ्टर, ६३ किलोत सुवर्ण मिळवलं तिनं, आणि पदक घेताना राष्ट्रगीत लागलं तेव्हा सॅल्यूट ठोकून उभी आणि डोळ्यांतून धारा लागलेल्या. तुम्हीही तेव्हा मोबाइलवर पाहिला असेल तो व्हिडिओ. आम्ही दोघी बघत होतो. माझी मुलगी, म्हणजे मी तिला मनातल्या मनात माझी मुलगीच म्हणायला लागले होते, ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, मलाही असंच रडायचं होतं. मी काही बोलले नाही. फ्रीजपाशी जाऊन बाटल्यांचा ट्रे तिच्या पुढे धरला, तिनं एक उचलली.

मग तिनं विचारलं, दीदी तुम्ही काय खेळता? खेळता म्हणाली, खेळायचात नाही म्हणाली. मी म्हटलं खो-खो. तिला माहीत नव्हतं. तिच्या देशाची टीम आली होती की नाही तेही तिला माहीत नव्हतं. मग मी तिला सांगायला लागले, आठ जणी एका रांगेत बसतात, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे, नववी पळते, आणि ती मागून येऊन पाठीवर हात मारून खो म्हणते की बसलेलीनं उठून पळायचं, पण तोंड असेल त्याच बाजूला, मागे वळायचं नाही, आणि मध्ये आडवं जायचं नाही. तिला ते बसणं कळेना. म्हणून मी खुर्ची सरकवली आणि खाली बसून दाखवलं, एक पाय मागं, बोटं जमिनीला, वजन पुढं, शर्यतीत ते स्टार्ट घेतात ना त्याच्या जवळपासचंच असतं. ती हसली, पहिल्यांदा हसली, आणि माझ्या शेजारी तशीच बसली, उलट्या तोंडानं. तिचं बसणं इतकं बरोबर होतं की मला शाळेतल्या आमच्या सरांची आठवण झाली, त्यांना अशी पोरगी मिळाली असती तर सोन्याहून पिवळं झालं असतं. मी तिच्या पाठीवर हात मारला आणि म्हटलं, खो. ती झटकन उठली आणि दारापर्यंत गेली. रजिस्टरवाला मुलगा दचकून उभाच राहिला. मॅडम बाहेर आल्या, बघितलं, काही न बोलता परत आत गेल्या.

दोन-तीनदा तिनं ते केलं. "खो" म्हणताना तिचा ओ जरा लांबायचा, खोऽऽ असा, एखादीला लांबून हाक मारावी तसा. मला तो आवाज अजून ऐकू येतो.

आणि मग ती थांबली आणि म्हणाली, दीदी, चलो.

झालं, पण पन्नासच मिली. ९० ला चाळीस कमी. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं तर तिला वाटलेलं सुटले एकदाची. मॅडमनी शांतपणे सांगितलं की हे फुकट जात नाही. तेवढाच नमुना तिच्याकडूनच एका वेगळ्या भांड्यात सील करून घेतला, त्याचा नंबर लिहिला, तो नंबर तिला वाचायला लावला, आणि ते भांडं तिच्या डोळ्यांसमोर ठेवलं. पुढचा आला की दोन्ही एकत्र करायचे. ती परत खुर्चीत. या वेळी रडली नाही, फक्त मला म्हणाली, तुमचं घर लांब आहे का? मी म्हटलं नाही गं, मालीगाव, नवरा येतोय न्यायला. खरं म्हणजे नवरा साडेसातपासून गेटबाहेर बाइकवर थंडीत बसला होता आणि मी त्याला एवढंच कळवलं होतं की उशीर होईल. का ते नाही. त्यानंही विचारलं नाही.

पाऊणेनऊला उरलेलं झालं.

मग पुढचं काम मला सगळ्यात सुंदर वाटतं, खरंच. थर्मोकोलच्या खोक्यात दोन काचेच्या बाटल्या, एकीवर केशरी पट्टी ती ए, दुसरीवर निळी ती बी. खोकीसुद्धा तीन-चार ठेवतात, तिनं एक निवडायचं. खोक्यावरचा नंबर, बाटल्यांवरचा नंबर, झाकणावरचा नंबर, सगळे एकच आहेत ना ते तिनं मोठ्यानं वाचायचं. ओतायचं तिनंच. आधी बी मध्ये तीस, मग ए मध्ये साठ. आमच्यापैकी कोणीही हात लावायचा नाही, मॅडम फक्त बोटानं रेघ दाखवतात. झाकण फिरवलं की कडकड कडकड असा आवाज येतो, आणि एकदा बसलं की ते परत उघडतच नाही, लॅबमध्ये खास यंत्रानंच फोडावं लागतं. ती ते झाकण अगदी दात ओठ खाऊन फिरवत होती. शेवटच्या कडकडनंतर तिनं बाटली उलटी करून बघितली, गळत नाही ना म्हणून. गेल्या सात दिवसांत काय औषधं घेतली, काय व्हिटॅमिनं घेतली ते फॉर्मवर लिहायचं होतं. तिनं फक्त डोकेदुखीची एक गोळी लिहिली आणि मग पेन थांबवून मला विचारलं, आलं घातलेला चहा लिहायचा का? मॅडम म्हणाल्या, नको बेटा.

फॉर्मची जी प्रत लॅबला जाते तिच्यावर नाव नसतं. नुसता नंबर. तेव्हा देशात अशी तपासणी करणारी मान्यताप्राप्त लॅब एकच होती, दिल्लीत, आणि तिथल्या माणसाला ती बाटली कोणाची आहे, जिंकलेलीची की हरलेलीची, काही काही कळणार नव्हतं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी तिची सुटका झाली. तीन तास सहा मिनिटं. मॅनेजर बाईंना हलवून उठवलं. त्यांची नेहमीची बस गेली होती, दुसरी गाडी यायची होती, म्हणून माझं काम संपलं होतं तरी मी गेटपर्यंत गेले. तिनं मोबाइल काढला आणि म्हणाली, दीदी, एक सेल्फी. आणि मला नाही म्हणावं लागलं. किती वाईट वाटलं ते काय सांगू. तीन तास मांडीला मांडी लावून बसलेलो आम्ही. मी तिला सांगितलं नियम आहे, तुझ्यासाठीच आहे. तिनं फोन खिशात ठेवला, माझ्याकडे पाठ केली, आणि उकिडवी बसली. तिथं गेटच्या डांबरावर. मी काय ते समजले. पाठीवर हात मारला. खो. ती उठली आणि गाडीकडे पळत गेली, वळली नाही, वळायचं नसतं हे मीच सांगितलेलं.

बाकीचे दिवस भरभर गेले. १२ तारखेला मॅरेथॉन झाली, आणि नाशिकची आपली कविता राऊत २ तास ३८ मिनिटं ३८ सेकंदांत पहिली आली, रिओ ऑलिम्पिकचं तिकीटच मिळालं तिला. आमच्या ग्रुपमध्ये मी एकटीच महाराष्ट्राची म्हणून सगळ्यांनी येऊन माझंच अभिनंदन केलं, जणू काही माझी सख्खी बहीण धावली होती. मीही घेतलं, नाही कशाला म्हणू. शिलाँगला मेरी कोम जिंकली तेव्हा तर अख्खा ईशान्य भारत आनंदात होता, आमच्या शेजारच्या बाइदेउनी पायस वाटला. आणि खो-खो. दोन्ही सुवर्णं आपली, मुलांचंही आणि मुलींचंही, अंतिम सामने बांगलादेशशी. मुलींची कॅप्टन उस्मानाबादची सारिका काळे. पुढे २०२० ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा फलटणला आमच्या जुन्या टीममधल्या सगळ्या जणी एकमेकींना फोन करून रडत होत्या. मला एकही सामना बघता आला नाही, सगळे माझ्या ड्यूटीच्या वेळेत आले. पण आता त्याचं काही वाटत नाही.

काम संपल्यावर आम्हाला गळ्यात फुलांची नक्षी असलेला गामोसा (तिकडचं उपरणं) घालून निरोप दिला. मॅडमनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, पुन्हा कधी बोलावलं तर ये. पुढच्याच वर्षी आमची बदली झाली. नंतर मी शाळेत नोकरी धरली, खो-खोच शिकवते, आणि माझ्या ज्या मुली वरच्या स्पर्धांना जातात त्यांना मी या टेस्टबद्दल आधी सगळं सांगते, टी-शर्ट कुठपर्यंत वर करावा लागतो इथपासून. सर्दीचं औषधसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, आणि घेतलं तर त्याचं नाव लिहून ठेवायचं, हेही.

एक गोष्ट मात्र छळत राहिली. शॅपरोनला निकाल कधीच कळत नाही. बाटली दिल्लीला गेली, संपलं. कोणी पॉझिटिव्ह निघालं आणि ते जाहीर झालं तर पेपरात येतं, पण छोट्या देशातल्या, पदक न मिळालेल्या मुलीची बातमी आपल्या पेपरात कोण छापणार. डोकेदुखीची ती गोळी मला कितीतरी रात्री आठवायची. कोणी तरी दुसरंच काही दिलं असेल आणि तिला गोळी म्हणून सांगितलं असेल तर? असं होतं, खेळाडूला माहीतही नसतं. आणि बंदी लागली तर ती चार वर्षांपर्यंतची असू शकते, त्या वयात चार वर्षं म्हणजे सगळंच गेलं.

२०१९ च्या डिसेंबरात पुढचे गेम्स नेपाळला झाले, काठमांडू, पोखरा आणि जनकपूर. अफगाणिस्तान नव्हतं, सातच देश. मी शाळेच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत मोबाइलवर निकालांची यादी उघडून बसले होते. आमचं नेट इतकं हळू की पान अर्धं उघडायचं आणि थांबायचं. नावं एकेक करून वर येत होती. २०१६ चा फेब्रुवारी ते २०२० चा फेब्रुवारी, मी बोटांवर मोजून बघितलं. चार वर्षांची बंदी असती तर ती यात असूच शकत नव्हती.

तिचं नाव होतं. पुढे देशाची तीन अक्षरं आणि वेळ. २०१६ पेक्षा चांगली वेळ.

घंटा झाली, नववीच्या मुली मैदानावर रांगेत बसून माझी वाट बघत होत्या.